नट-बोल्ट : आजोबांची पद्मिनी आणि दोन कॅमचं हेड



मागच्या महिन्यात हेदवीहून एक जाडजूड पाकीट आलं. हेदवी म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं, गुहागर तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. दशभुज गणपतीच्या दर्शनाला किंवा बामणघळ बघायला तुमच्यापैकी पुष्कळजण तिथं जाऊनही आले असतील. पाकिटात वहीची चार पानं होती, पेन्सिलीनं काढलेली एक आकृती होती आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यावर काळ्या ऑइलचा अंगठा उमटला होता. तो अंगठा बघितला आणि मी ओळखलं, हे पत्र आपल्याच सदराचं!

पत्र लिहिणारा मुलगा नववीत आहे. 'माझं नाव छापू नका' हे त्यानं तीन वेळा अधोरेखित केलंय, म्हणून नाव सांगत नाही. पत्रातला मुख्य भाग असा :

'काका, आमच्या आजोबांची प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांनी मुंबईत तीस वर्षं टॅक्सी चालवली. टॅक्सी सोडून गावी येताना त्यांनी ही गाडी स्वतःसाठी घेतली. गणपतीत मुंबईची मंडळी येतात, तेव्हा त्यांना आणायला चिपळूण स्टेशनवर आजोबाच जातात. दुसऱ्या कुणाला ते गाडीला हात लावू देत नाहीत. माझा दादा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं शिकतो. त्यानं साठवलेल्या पैशांतून भंगारातलं एका नव्या गाडीचं ट्विन-कॅम हेड आणलंय. ते पद्मिनीला बसवलं की गाडी दुप्पट पळेल, असं तो म्हणतो. आजोबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आत्याकडे चिपळूणला गेलेत. ते यायच्या आत काम करून त्यांना चकित करायचं ठरलं होतं. म्हणून रविवारी आम्ही जुनं हेड उतरवलं. पण नवीन हेड बसतच नाही! आता जुनं परत कसं लावायचं, तेही दादाला नीट माहीत नाही, फक्त तो तसं कबूल करत नाही. आजोबा दहा दिवसांनी येणार आहेत. काका, लवकर कळवा.'

पत्र वाचलं आणि मीच उठून पाणी प्यालो! त्याच संध्याकाळी उत्तर लिहून टाकलं. ते तुम्हांला सांगितलं तरी चालेल, अशी परवानगी त्यानं नंतर दिली आहे. म्हणून आजचा लेख म्हणजे तेच उत्तर, थोडं वाढवून.

उत्तराची पहिली दोन वाक्यं अशी होती : 'इंजिन झाक. आणि आजोबांना फोन कर.'

आधी झाकण, मग बोलणं

इंजिन झाकायचं कारण सोपं आहे. हेड उतरवलं की सिलिंडरच्या आतल्या गुळगुळीत भिंती उघड्या पडतात. ब्लॉक बिडाचा असतो. कोकणातला खारा, दमट वारा एका रात्रीत त्याच्यावर तांबूस गंज चढवतो. म्हणून स्वच्छ फडक्यानं सिलिंडरच्या भिंतींना इंजिन ऑइलचा हात फिरवायचा, वर धुतलेलं सुती कापड घालायचं आणि त्यावर प्लॅस्टिक. वाळूचा एक कण जरी आत गेला, तरी तो पुढं हजारो वेळा पिस्टनबरोबर वरखाली होत भिंत खरवडत राहतो.

आणि आजोबांना फोन का? गाडी त्यांची आहे, हे झालं पहिलं कारण. दुसरं कारण असं, की हेदवीत त्या इंजिनाची सगळ्यांत जास्त माहिती ज्या माणसाला आहे, त्याच्यापासूनच तुम्ही ते लपवताय!

हेड म्हणजे काय, कॅम म्हणजे काय?

इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक. त्यात सिलिंडर असतात आणि सिलिंडरांत पिस्टन वरखाली पळतात. वर झाकणासारखं बसतं ते हेड. पण ते नुसतं झाकण नव्हे. हवा-पेट्रोल आत येण्याची वाट, जळका धूर बाहेर जाण्याची वाट, त्या वाटांवरची दारं म्हणजे व्हॉल्व्ह, ठिणगी पाडणारे प्लग आणि गार ठेवणाऱ्या पाण्याचे मार्ग, हे सगळं हेडमध्येच असतं. इंजिनाचं नाक आणि तोंडच म्हणा ना!

ही दारं वेळेवर उघडायची कामगिरी कॅमशाफ्टची. हा एक दांडा असतो आणि त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा व्हॉल्व्हला ढकलतो. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो.

पद्मिनीचं इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचं, मूळ फियाट ११०० चं. त्यात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. मग खालचा धक्का वर कसा पोचणार? त्यासाठी पुशरॉड नावाच्या लांब काड्या असतात. कॅम काडीला ढकलतो, काडी वरच्या रॉकरला ढकलते आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतो.

आता तुम्ही कोकणात झेल्यानं आंबा काढलाय का? लांब बांबूच्या टोकाला झेला बांधलेला असतो. तुम्ही खाली हात हलवता, पण बांबू जरा वाकतो आणि टोक थोडं उशिरा हलतं. सावकाश काढत असाल तर काहीच अडत नाही. पण भराभरा काढायला गेलात की झेला भलतीकडेच जातो. पुशरॉडचं तसंच आहे. इंजिन शांतपणे चालतंय तोवर उत्तम. फार जोरात फिरायला लागलं, की काडी, रॉकर आणि व्हॉल्व्ह यांचं वजन आडवं येतं आणि दार वेळेवर मिटत नाही.

यावर उपाय काय? झाडावर चढून हातानंच आंबा काढा! म्हणजे कॅमशाफ्टच वर हेडमध्ये नेऊन बसवा. आणि एक नको, दोन बसवा. एक फक्त आत घेणाऱ्या व्हॉल्व्हसाठी आणि दुसरा फक्त बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हसाठी. हेच ट्विन-कॅम.

इथं एक गैरसमज दूर करू. ट्विन-कॅम म्हणजे प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेच पाहिजेत, असं नाही. दोन व्हॉल्व्हची ट्विन-कॅम इंजिनंही पुष्कळ होऊन गेली. मात्र दोन कॅम असले की चार व्हॉल्व्ह बसवणं सोपं जातं, हे खरं.

बामणघळ काय सांगते?

आमचा हा दोस्त राहतो हेदवीत, म्हणून त्याला मी बामणघळीचं उदाहरण दिलं. उमामहेश्वराच्या देवळाजवळ समुद्रकाठच्या कातळात एक अरुंद घळ आहे. भरतीला लाट तिच्यात शिरते आणि पाण्याचा उंच फवारा उडतो. तीच लाट शेजारच्या मोकळ्या किनाऱ्यावर नुसती पसरते. घळ अरुंद म्हणून पाण्याला वेग येतो. आणि एकदा वेग आला, की मागची लाट ओसरायला लागली तरी घळीतलं पाणी क्षणभर वरच चढत राहतं. (बघायला जाल तेव्हा लांब उभं राहून बघा हं. तो कातळ निसरडा आहे आणि लाट कुणाला विचारून येत नाही.)

इंजिनात शिरणाऱ्या हवेचंही असंच असतं. पिस्टन खाली जाताना हवा ओढली जाते. वाट सरळ आणि मापाची असेल तर हवेला वेग येतो. मग पिस्टन वर वळला तरी हवा क्षणभर आत घुसतच राहते. तेवढा वेळ दार उघडं ठेवलं तर फुकटात जास्त हवा मिळते! पण हा क्षण केवढा? इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. एकेका वेळी हवा आत घ्यायला मिळतो साधारण सेकंदाचा दीडशेवा भाग. एवढ्या घाईत दार वेळच्या वेळी उघडायचं आणि मिटायचं, तर मध्ये लांबलचक काड्या नकोतच. ट्विन-कॅमचा खरा फायदा हा. व्हॉल्व्ह तिरके बसवता येतात, एका बाजूनं हवा आत आणि दुसऱ्या बाजूनं धूर बाहेर अशी सरळ वाट मिळते, आणि प्रत्येक बाजूच्या दारांची वेळ वेगवेगळी ठरवता येते.

हे वेड जुनंच आहे

दादाची कल्पना वेडगळ आहे, असं समजू नका. जुन्या ब्लॉकवर ट्विन-कॅम हेड बसवण्याचा खटाटोप मोठमोठ्या लोकांनी केलाय.

ट्विन-कॅम आधी आलं शर्यतीच्या मैदानात. १९१२ मध्ये प्यूजो कंपनीच्या ७.६ लिटरच्या गाडीनं फ्रान्सची ग्रां प्री जिंकली. त्या इंजिनात दोन कॅमशाफ्ट वर हेडमध्ये होते आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते.

मग १९६२ साली इंग्लंडमध्ये लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमननं काय केलं? फोर्डचं साधं, पुशरॉडचं इंजिन घेतलं आणि त्याच्यावर ॲल्युमिनियमचं ट्विन-कॅम हेड बसवलं. ते हेड कुणी आखलं असेल? हॅरी मंडी यांनी. ते तेव्हा एका मोटार साप्ताहिकाचे तांत्रिक संपादक होते! (साप्ताहिकात लिहिणाऱ्यांना कमी समजू नका, एवढंच मी म्हणतो.) गंमत म्हणजे फोर्डचा जुना कॅमशाफ्ट त्यांनी ब्लॉकमध्ये तसाच ठेवला. व्हॉल्व्ह उघडायचं काम त्याच्याकडून गेलं, पण ऑइल पंप आणि डिस्ट्रिब्युटर फिरवायचं काम त्याच्याकडेच राहिलं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगवर १००० किलोमीटरची शर्यत होती. पाऊस पडून रस्ता ओला झालेला. दीड लिटरच्या त्या इंजिनाची छोटी लोटस जिम क्लार्क चालवत होता. त्यानं कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागं टाकलं आणि पहिल्या फेरीपासून आघाडी घेतली. लोक बघतच राहिले. पण पुढं एक्झॉस्ट फुटला, धूर चालकाच्या जागेत शिरायला लागला, क्लार्कला भोवळ आली आणि गाडी रस्त्याबाहेर गेली. नवं हेड ठणठणीत होतं. घात केला तो शेजारच्या भागानं. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला पुढं लागणार आहे.

तिसरी गोष्ट तर पद्मिनीच्याच घराण्यातली. फियाटनं १९६६ मध्ये १२४ ही गाडी काढली. तिचं इंजिन पुशरॉडचं होतं. ऑरेलिओ लाम्प्रेदी हे पूर्वी फेरारीत इंजिनं आखणारे इंजिनिअर तेव्हा फियाटमध्ये होते. त्यांनी त्याच ब्लॉकच्या आधारानं ट्विन-कॅम इंजिन केलं आणि कॅम फिरवायला साखळीऐवजी दात असलेला रबरी पट्टा वापरला. साध्या १२४ ची ताकद ६० अश्वशक्ती होती, ट्विन-कॅमच्या १२४ स्पोर्टची झाली ९०. मात्र हे सगळं श्रेय हेडचं नाही. सिलिंडरचा व्यासही ७३ मिलिमीटरवरून ८० केला होता.

आपल्याकडं १९८५ मध्ये प्रीमियरची ११८ एनई आली, ती या १२४ च्याच रूपाची. पण इंजिन मात्र निस्सानचं, पुशरॉडचं. म्हणजे ट्विन-कॅमवाल्या गाडीचा चेहरा महाराष्ट्रात आला आणि ट्विन-कॅम तिकडेच राहिलं!

आणि अलीकडचं उदाहरण हवं असेल तर पुण्याजवळच्या चाकणचं घ्या. तिथं बनणारी बजाज डॉमिनार ४०० ही मोटारसायकल २०१६ मध्ये आली, तेव्हा तिच्या हेडमध्ये एकच कॅमशाफ्ट होता. २०१९ मध्ये तिला ट्विन-कॅम हेड मिळालं. इंजिन तेवढंच, ३७३ घनसेंटिमीटरचं. ताकद ३५ अश्वशक्तीवरून जवळजवळ ४० झाली. पण टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, होती तेवढीच राहिली : ३५ न्यूटन मीटर. याचा अर्थ काय? ट्विन-कॅम इंजिनाला राक्षस बनवत नाही. जोरात पळताना दम टिकवायला मदत करतं. आणि हेही बघा, कारखान्यानं नुसतं हेड बदलून गाडी बाजारात आणली नाही. पुढचे फोर्क बदलले, सायलेन्सर बदलला. मग 'दुप्पट' कुठून आलं, दादा?

मग पद्मिनीला का बसेना?

आमच्या दोस्तानं पाठवलेल्या आकृतीतच उत्तर होतं. नवीन हेड ब्लॉकवर ठेवलं, तर पहिलं भोक जुळतं, पुढचं अर्ध्या बोटानं चुकतं, त्यापुढचं एका बोटानं. चूक वाढत जातेय, बघा! म्हणजे नुसती भोकं सरकलेली नाहीत. एका सिलिंडरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतरच या दोन इंजिनांत वेगळं आहे. भोकं कितीही मोठी केली तरी हेडमधली पोकळी सिलिंडरवर बसणारच नाही.

लोटस आणि फियाटनं हेड त्याच ब्लॉकसाठी मुद्दाम आखलं होतं. भंगारातून आणलेलं कुठलंही हेड कुठल्याही ब्लॉकला बसायला ते काही डब्याचं झाकण नव्हे. आणि समजा, अंतर जुळलंच असतं, तरी पुढचे प्रश्न होतेच :

एक, पाण्याची आणि ऑइलची भोकं एकमेकांवर यायला हवीत. नाहीतर पाणी ऑइलमध्ये जाईल किंवा कॅमला ऑइलच मिळणार नाही. पुशरॉडची जुनी भोकंही नीट बुजवायला हवीत.

दोन, व्हॉल्व्ह उघडल्यावर पिस्टनला धडकता कामा नयेत. हे तपासायची युक्ती छान आहे. पिस्टनवर खेळायच्या क्लेचा थर ठेवायचा, हेड तात्पुरतं आवळून इंजिन हातानं सावकाश दोन फेरे फिरवायचं, मग उघडून क्ले कापून जाडी मोजायची.

तीन, दाब. हेडमधली पोकळी लहान असेल तर हवा-पेट्रोल फार दाबलं जाऊन इंजिन ठोकायला लागतं. मोठी असेल तर जोरच उरत नाही.

चार, कॅम फिरवणार कोण? पद्मिनीची साखळी खालच्या कॅमसाठी आहे. वरच्या दोघांसाठी साखळी किंवा पट्टा, त्याची चाकं आणि ताण देणारी व्यवस्था नव्यानं करावी लागेल. त्यात एखादा दात चुकला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ पडलीच म्हणून समजा.

पाच, पाया. पद्मिनीचा क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगांवर टेकलेला असतो. लाम्प्रेदींच्या आणि मंडींच्या इंजिनात पाच होती. इंजिनाचे फेरे ५००० वरून ७००० केले, तर पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताण जवळजवळ दुप्पट होतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जोतं एक मजल्याचं आणि वर बांधणार तीन मजले, असं करून कसं चालेल?

आणि सहावा मुद्दा आजोबांच्या वतीनं माझा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० वेगानं जाणारी गाडी थांबवायला दीडपटीहून जास्त ऊर्जा ब्रेकला गिळावी लागते. चिपळूणच्या वाटेवरची वळणं आणि उतार आठवा. जिम क्लार्कची गोष्ट आठवा. एक भाग बदलला की त्याच्या शेजाऱ्यांचीही विचारपूस करावी लागते.

शिवाय कायदाही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं, की नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. म्हणून असं काही मनात आलं तर आधी आरटीओत विचारायचं आणि मग पाना उचलायचा.

जुनं हेड परत लावताना

हे दादासाठी लिहिलं होतं. तुम्हीही वाचा, पण मोठ्या जाणत्या माणसाशिवाय करायला जाऊ नका.

हेडचे नट सोडताना इंजिन पूर्ण गार हवं आणि सुरुवात कडेकडून मध्याकडे. आवळताना उलटं : मध्यापासून कडेकडे, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. चादर घालताना आपण मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढतो ना, तसंच. एका दमात कधीच आवळायचं नाही. तीन टप्प्यांत आणि टॉर्क रेंचनं, गाडीच्या पुस्तकातला आकडा बघून. गॅस्केट नवीनच. जुनी एकदा दबली की संपली.

बसवण्याआधी हेडच्या तळावर पोलादी पट्टी उभी धरून मागून बॅटरीचा उजेड टाकायचा. पट्टीखालून उजेड दिसला तर हेड वाकलंय. मग लेथवाल्याकडं नेऊन फेसिंग करून घ्यावं लागतं. आणि प्रत्येक पुशरॉड ज्या जागेवरून काढला त्याच जागी परत गेला पाहिजे. वर्षानुवर्षं चालून त्यांची आपापल्या शेजाऱ्याशी जोडी जमलेली असते.

एवढं सगळं लिहून मी पत्र पेटीत टाकलं आणि वाट बघत बसलो.

दुसरं पाकीट

तीन आठवड्यांनी दुसरं पाकीट आलं. या वेळी अंगठे दोन होते!

आमच्या दोस्तानं फोन केला होता. आजोबा फोनवर काहीच बोलले नाहीत. 'झाकून ठेवा' एवढंच म्हणाले. दहा दिवसांऐवजी पाचव्या दिवशीच परत आले. डोळ्यांवर काळा चष्मा, आणि डॉक्टरांनी वाकायला व वजन उचलायला सक्त मनाई केलेली. अंगणात खुर्ची टाकून ते गाडीसमोर बसले. पहिला दिवसभर दादाशी एक शब्द बोलले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, 'पुशरॉड कुठं आहेत?'

आमच्या दोस्तानं आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा आणला. त्याला आठ भोकं पाडून, नंबर घालून त्यानं आठही पुशरॉड क्रमानं खोचून ठेवले होते.

'हे कुणी केलं?'

'मी.'

'बरं केलंस,' आजोबा म्हणाले. दोस्त लिहितो, 'काका, तेव्हा मला रडूच आलं.'

दुसऱ्या दिवशी आजोबांनी दादाला हाक मारली. हेडच्या तळाला पट्टी लावायला सांगितली. उजेड दिसला. दादानं नट वाटेल तसे सोडले होते आणि स्क्रू ड्रायव्हर घालून हेड उचकटलं होतं, त्याचा ओरखडाही होता. आजोबांनी बोट फिरवून तो बघितला आणि म्हणाले, 'चिपळूणला नेऊन फेसिंग करून आण. पैसे तुझे.' दादानं मान हलवली.

हेड लावायच्या दिवशी आजोबा खुर्चीतून नुसतं सांगत होते आणि दादा टॉर्क रेंच फिरवत होता. 'मधला. आता समोरचा. आता त्याच्या डावीकडचा. थांब, घाई नको.' तीन वेळा तीच फेरी झाली. मग टॅपेट लावले. तिसऱ्या सेल्फला पद्मिनी सुरू झाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी हात वर करून गप्प केलं, जरा मान कलती करून ऐकलं आणि म्हणाले, 'दोन नंबर. एक्झॉस्ट. सैल आहे.' दादानं इंजिन बंद केलं. गार झाल्यावर फीलर गेज घातला. दोन नंबरचा एक्झॉस्ट टॅपेटच सैल होता!

आणि ते भंगारातलं ट्विन-कॅम हेड? ते आता पडवीत पाटावर ठेवलंय. आजोबांनी दादाला ते धुवून पुसून आणायला लावलं. मग हातानं एक कॅम फिरवून बघितला, दुसरा फिरवून बघितला. बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, 'म्हणजे एकानं पंगतीत वाढायचं आणि दुसऱ्यानं पत्रावळी उचलायच्या. आमच्या गाडीत एकच माणूस दोन्ही करतो. म्हणून जरा सावकाश जेवा, म्हणतो!'

मित्रांनो, इतकी वर्षं मी हे सदर लिहितोय, पण ट्विन-कॅम इतक्या थोडक्यात मला काही सांगता आलं नव्हतं. बामणघळ आणि झेला घेऊन मी दोन पानं भरली आणि आजोबांनी एका पंगतीत काम उरकलं!

मुंबईच्या रस्त्यांवरच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात वयोमर्यादेमुळं कायमच्या थांबल्या. अशा गाड्या कानानं ओळखणारी माणसंही आता कमी होत जाणार. तुमच्या घरात, वाडीत, नाक्यावरच्या गॅरेजात असं कुणी असेल तर त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसा. विचारायला लाजू नका. आणि त्यांच्या पाठीमागं पाना उचलू नका.

पत्राच्या शेवटी दादानं स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली आहे : 'येत्या रविवारी आम्ही ब्रेकचे ड्रम उघडणार आहोत. आजोबांना विचारलं आहे.'

या आठवड्याचं कोडं

पद्मिनीच्या एका सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. म्हणजे पिस्टन एका धावेत साधारण २७२ घनसेंटिमीटर जागा व्यापतो. पिस्टन अगदी वर असताना उरलेली पोकळी ३४ घनसेंटिमीटर आहे, असं समजा. पिस्टन खाली असतानाची एकूण जागा भागिले वर असतानाची जागा, हे झालं दाबाचं प्रमाण. ते किती येईल? आणि पोकळी ५० घनसेंटिमीटरची केली तर? दोन्ही उत्तरं आणि तुम्हांला त्यांवरून काय वाटतं ते, एका पोस्टकार्डावर लिहून पाठवा. कार्डावर ऑइलचा अंगठा असला तरी चालेल!

तुमचा,
मेस्त्रीकाका